बायकांचा अर्धा तास

चार ओळींचा माफीनामा लिहून दिला असता तर माझी बदली झाली नसती. साहेबांनी तसं मला स्वच्छ सांगितलं होतं, आणि माणूस म्हणून ते वाईट नव्हते. मी लिहून दिला नाही. त्याला आता कितीतरी वर्षं झाली, डोक्याचे केस पांढरे झाले, तरी तेव्हा लिहून द्यायला हवा होता असं मला एकदाही वाटलेलं नाही. माफी कशाबद्दलची होती ते सांगते.

मी तिरोड्याची. वडील शिंपी. मराठी सातवी पास झाले आणि विसाव्या वर्षी मुलींच्या शाळेवर मास्तरीण म्हणून लागले. गाव दवनीवाड्याच्या पुढे, पायी तासाभराच्या अंतरावर, वैनगंगेच्या अंगाला. नाव सांगत नाही, तिथं त्या लोकांची नातवंडं नांदताहेत. आम्ही तेव्हा मध्य प्रदेशात होतो आणि नागपूर आमची राजधानी होती. मालगुजारी, म्हणजे गावाची जमीनदारी, कायद्यानं जाऊन चार-पाच वर्षं झाली होती, पण मालगुजाराला लोक मालगुजारच म्हणत. पंचायत आली तेव्हा सरपंचही तेच झाले. दुसरं कोणी उभंच राहिलं नाही.

मी राहत होते एका विधवा बाईच्या घरी, छपरीला, म्हणजे ओसरीला, लागून असलेल्या खोलीत. तिला मी मावशी म्हणायची. पंचेचाळिशीची असेल. ठेक्यानं घेतलेल्या धानाच्या दोन बांध्या, म्हणजे शेताचे दोन तुकडे, ती स्वतः कसायची, आणि बोलणं असं की समोरचा उत्तर शोधेपर्यंत ती पुढच्या कामाला लागलेली असायची.

पावसाळा लागायच्या आधी एके दिवशी गावात सरकारी जीप आली. जीपमधून एक पेटी उतरली, मागोमाग विटेपेक्षा जड अशी बॅटरी, आणि तांब्याच्या तारेचं वेटोळं. बरोबर एक मेकॅनिक होता, गोंदियाचा, अर्धी हिंदी अर्धी मराठी बोलणारा. त्यानं चावडीच्या दोन बाजूंना दोन उंच बांबू रोवले, त्यांच्यावर तार ताणली, दुसरी तार जमिनीत गाडून वरून घागरभर पाणी ओतलं. सारं गाव भोवती उभं होतं. पेटी तापायला वेळ लागला. मग आत कोणीतरी शिट्टी वाजवल्यासारखं झालं, आणि एक माणूस शुद्ध मराठीत धानावरच्या किडीबद्दल बोलायला लागला.

"कोन बोलून राह्यला?" मावशीनं विचारलं.

"नागपूरहून बोलतोय," मी म्हटलं.

"नागपुरावरून अठी याले त्याले तिकीट नाई लागत?"

मेकॅनिक हसला. "हवा से आता है माय. तिकीट नाही, भाडं नाही. सबके लिए है. ज्याला कान आहे त्यानं ऐकावं."

त्यानं सरपंचांच्या हातात एक कागद दिला आणि मोठ्यानं वाचून दाखवा म्हणाला. सरपंचांनी तो माझ्याकडे दिला, कारण त्यांचा चष्मा घरी होता. मी वाचला. रेडिओ सर्व ग्रामस्थांसाठी आहे, सार्वजनिक जागी ठेवावा, कोणालाही ऐकण्यास मनाई करू नये, असं त्यात होतं. खाली वेळापत्रक होतं. संध्याकाळी शेतकऱ्यांसाठी कार्यक्रम, आणि ठरावीक दिवशी दुपारी अर्धा तास बायकांसाठी. ही ओळ मी जरा जास्तच मोठ्यानं वाचली असेन, कारण बायकांच्या घोळक्यात कुजबुज झाली.

रेडिओ चावडीवर राहिला आठ दिवस. मग पाऊस सुरू झाला, चावडीचं छप्पर गळतंय अशी तक्रार निघाली, आणि मालगुजारांचे दोन गडी पेटी उचलून त्यांच्या घरच्या बैठकीत ठेवून आले. त्यांच्या छपराच्या कवेलूंवर, म्हणजे कौलांवर, नवी तार चढली. चावडीवरचे बांबू आणि तार मात्र तसेच राहिले, काढायला कोणाला सवड नव्हती. पावसाळा गेल्यावर परत आणू, असं मालगुजार म्हणाले. चावडीवर दहा कवेलू बदलले असते तर गळती थांबली असती, हे सगळ्यांना दिसत होतं. 

आता संध्याकाळी गावातली मोठी माणसं त्यांच्या बैठकीत गादीवर बसायची, बाकीचे पुरुष छपरीत, आणि गावाबाहेरच्या वस्तीतले लोक फाटकाच्या पलीकडे रस्त्यावर. बायका कुठंच नाहीत. दुपारच्या अर्ध्या तासाला तर पेटीला कोणी हातच लावायचा नाही.

मी मालगुजारांकडे गेले. ते सुपारी कातरत बसले होते.

"सरपंचजी, दुपारी बायकांचा कार्यक्रम असतो. तेवढा वेळ लावला तर बरं होईल."

"बॅटरी उतरते, बाई."

"अर्ध्या तासानं कितीशी उतरेल?"

"एकदा उतरली का गोंदियावरून आनावी लागते. तेवढी लवकर कोन आनून देते?" त्यांनी सुपारी तोंडात टाकली. "अन् बायका आयकून काय करतीन? त्यायले रांधा-वाढाचं रेडिओवरून शिकाचं आहे काय?"

"कागदावर लिहिलं आहे. कोणालाही मनाई करू नये म्हणून."

तेव्हा त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. "कागद वाचता येते म्हनून तू मास्तरीन झाली. गावाची मालकीन नाई झाली. शाळेत जा."

बाईवरून तूवर यायला त्यांना एक वाक्य पुरलं. मी शाळेत गेले. त्या दिवशी मुलींना काय शिकवलं ते आठवत नाही. फळ्यावर खडू दाबून दाबून मोडत होता, एवढं आठवतं. भीतीनं नाही, रागानं. 

श्रावणात एका दुपारी मालगुजारांच्या घरातून निरोप आला. मालगुजारीणबाईंना माहेरचं पत्र आलंय, मास्तरीणबाईंनी वाचून दाखवावं. मालगुजार कचेरीच्या कामासाठी गोंदियाला गेले होते. या बाईंना मी तोवर पाहिलंही नव्हतं. लग्न होऊन त्या घरात आल्यापासून माहेराशिवाय त्या कुठं गेल्या नव्हत्या, आणि माहेरीही बैलबंडीला चारी बाजूंनी पडदा लावून. पस्तिशीची, सावळी, उंच बाई. मूलबाळ नव्हतं. तिनं मला बैठकीत नेलं आणि दाराला आतून कडी घातली.

"पत्र कुठाय, बाईजी?"

"पत्र नाई आलं," ती म्हणाली. "बसा."

तिनं रेडिओवरचं भरतकामाचं फडकं काढून घडी घातली आणि बटण फिरवलं. पेटी तापली. मग तिनं डाव्या हाताचं बोट काचेवरच्या लाल रेघेवर ठेवलं आणि उजव्या हातानं गोल चकती फिरवायला लागली, अगदी हळू, दुधावरची साय काढावी तशी.

"हे नागपूर. हे तुमाले माहीत आहे." चकती सरकली. "हे नागपूरपासून एक बोट. इथून सिलोन. गानेच गाने." पुन्हा सरकली. "दोन बोटं. हा मानूस हिंदी बोलते, पन आपल्यासारखा नाई. रोज सांगते का आमच्या देशात कारखाने किती झाले. मले वाटते तो रशियावाला आहे." आणखी थोडं सरकवलं. "अन् हे तीन बोटं अन् एक नख. हे कोनचं आहे मले मालूम नाई. थांबा, कधी लागते, कधी नाई लागत."

खरखर झाली, शिट्टी आली, आणि त्या खरखरीच्या मागून एका बाईचा आवाज आला. ती गात होती. भाषा कुठली ते मला तेव्हाही कळलं नाही, आजही सांगता येणार नाही. रडल्यासारखा सूर होता पण रडणं नव्हतं. मोठ्यानं कोणाशी तरी भांडावं तसं शेवटी ती वर चढायची आणि तिथंच थांबायची.

"ही मले आवडते," मालगुजारीण म्हणाली.

मी काचेवरची इंग्रजी अक्षरं अडखळत वाचून दाखवली. लंडन. कैरो. कोलंबो. पेकिंग. प्रत्येक नावाला ती विचारायची, हे कोणत्या बाजूला, तिकडं धान होते काय, तिथल्या बायका बाहेर जाते काय. मला येत होतं तेवढं सांगितलं. येत नव्हतं ते येत नाही म्हटलं.

"तुम्ही रोज ऐकता?"

"मालक जेवून मागच्या खोलीत झोपते. तेवढा वेळ. आवाज बारीक करून, कान लावून." ती पहिल्यांदा हसली. "बॅटरी काऊन इतक्या लवकर उतरते म्हनून ते गड्यायले शिव्या देते. गडी एकमेकायकडे पाहते."

मी तिला सांगितलं, गावातल्या बायकांनाही दुपारचं ऐकायचं आहे, मी विचारायला आले होते, मला हाकलून दिलं.

"आयकलं मी. दाराच्या मागंच होतो." आमच्याकडे बायकाही 'मी होतो, मी जातो' असंच म्हणतात. "पन मी काय करू शकतो? मी बाहेर नाई निघत, बाई."

 मी उठले, तिनं फडकं पुन्हा पेटीवर नीट पसरलं, सुरकुती राहू नये म्हणून दोनदा हात फिरवला, आणि कडी काढली.

घरी येऊन मी हे मावशीला सांगितलं नाही. कोणालाच सांगितलं नाही. एवढंच म्हटलं की पेटी चालू आहे, बॅटरीत जीव आहे. मावशी वाल सोलत होती. तिनं हातातली शेंग टोपलीत टाकली.

"धानाचा रोवना संपला," ती म्हणाली. "दुपारी आता कोनाले काय काम आहे? जाऊन बसू."

"कुठं?"

"त्याच्या आंगनात. मारनार आहे काय?"

भाद्रपदातली ती दुपार. मावशीनं कोणाकोणाला काय सांगितलं माहीत नाही, पण वीस-पंचवीस बायका जमल्या. पोवारांच्या बायका होत्या, गावाबाहेरच्या वस्तीतल्या होत्या, जंगलाकडून लग्न होऊन आलेल्या दोन गोंड बहिणी होत्या. पुढं कोणी बसायचं, मागं कोणी, यावरून आधी थोडी कुरबुर झाली. मावशी म्हणाली, "आवाज मोजून-मापून पडत नाई, बसा कोठीही." बसल्या. मीही बसले. शाळेला त्या वेळी जेवणाची सुट्टी होती, हे इथं मुद्दाम सांगते, कारण पुढं चौकशीत शाळा सोडून गेले असं माझ्यावर लिहिलं गेलं.

मालगुजार झोपेतून उठून आले. धोतराचा सोगा हातात.

"काऊन आल्या?"

"रेडिओ आयकाले," मावशी म्हणाली.

"संध्याकाळी मानसं आयकते ना? त्यायले विचारून घ्या काय सांगतलं ते."

"माह्या घरी मानूस नाई. मी कोनाले विचारू?"

बायका हसल्या. मालगुजारांच्या अंगणात बायका हसल्या, हे बहुधा पहिल्यांदाच झालं असेल. ते आत गेले आणि दार लावून घेतलं. आम्ही बसून राहिलो. अर्धा तास झाला असेल असं वाटलं तेव्हा उठलो.

पुढच्या आठवड्यात कार्यक्रमाच्या दिवशी पुन्हा गेलो. त्या वेळी कोतवाल फाटकावर उभा होता. तो मावशीचा दूरचा दीर. त्यानं फाटक अडवलं नाही, फक्त दुसरीकडे बघत राहिला. मालगुजार बाहेरच आले नाहीत.

तिसऱ्या वेळी मात्र ते आधीच छपरीत खुर्ची टाकून बसले होते. आवाज अगदी मऊ.

"बायांनो, बसा जी. मी कायले मना करू? पन पेटीच बिघडली. काल संध्याकाळपासून बंद आहे. मानसायनंबी नाई आयकली. मेकॅनिक येईन तेव्हा पाहू." माझ्याकडे वळून म्हणाले, "मास्तरीनबाई, तुमीच समजावून सांगा यायले. शिकल्यासवरल्या आहात."

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. खरंच बिघडली असेल तर काय करणार? एक-दोघी उठायलाही लागल्या. 

तेव्हा दार उघडलं. मालगुजारीण उंबऱ्यात उभी राहिली. डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढलेला होता, त्यामुळं चेहरा दिसत नव्हता, पण आवाज साऱ्या अंगणात ऐकू गेला.

"बिघडली नाई. बॅटरीची तार काढली त्यायनं. आज सकाळी."

मालगुजार खुर्चीतून अर्धे उठले. "घरात जा."

ती गेली. आम्हाला वाटलं संपलं. पण ती आत गेली ती बैठकीत, आणि परत आली तेव्हा तिच्या दोन्ही हातांत पेटी होती, मूल कडेवर घ्यावं तशी नाही, भाकरीचं टोपलं छातीशी धरावं तशी. पेटी जड. हात भरलेले, त्यामुळं पदर सावरता आला नाही आणि मागं सरकला. गावातल्या बायकांनी तिचं तोंड त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. ती पायऱ्या उतरली. अंगण ओलांडलं. फाटकाशी कोतवाल होता, तो बाजूला झाला.

"बॅटरी आना कोनी," ती मागं न बघता म्हणाली. "मले दोन्ही नाई उचलत."

मावशी उठून बैठकीत शिरली. मालगुजारांच्या समोरून, त्यांना न विचारता, आणि बॅटरी डोक्यावर घेऊन बाहेर आली. मी तिच्या मागोमाग गेले आणि सुटी केलेली तार गोळा केली. मालगुजार तसेच अर्धे उभे. त्यांच्या एका शब्दानं आम्ही थांबलो असतो असं नाही, पण त्यांनी तो शब्दही काढला नाही. माझा आजही अंदाज असा आहे की बायकोनं भरल्या अंगणात आपल्याला खोटं पाडलं हे त्यांच्या गळी उतरायला वेळ लागत होता, आणि तोवर आम्ही निघून गेलो होतो.

चावडीवर गळत होतं, पण एक कोपरा कोरडा होता. बांबू उभे होते, तार होती. जोडायची कशी ते मालगुजारिणीलाच माहीत होतं, मेकॅनिक घरी तार चढवायला आला तेव्हा तिनं दाराआडून त्याचं काम पाहिलं होतं. जमिनीतल्या तारेवर एका गोंड बहिणीनं लोटाभर पाणी ओतलं. पेटी तापली. शिट्टी झाली. आणि नागपूर लागलं.

खरं सांगायचं तर कार्यक्रम काही फार मोठा नव्हता. निम्मा होऊन गेला होता. नागपूरची कोणी बाई मैद्याचा काहीतरी पदार्थ सांगत होती. एक वाटी मैदा, अर्धी वाटी लोणी, भट्टी नसल्यास वर-खाली निखारे.

"मैदा कोठी भेटते?" कोणीतरी विचारलं.

"गोंदियाले."

"अन् लोनी?"

"मालगुजाराच्या घरी," मावशी म्हणाली, आणि मालगुजारीण सगळ्यांत मोठ्यानं हसली.

पुढं बाळाला हगवण लागली तर काय पाजावं ते एका डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. त्या वेळी कोणी हसलं नाही. त्या पावसाळ्यात गावात दोन लेकरं गेली होती, आणि त्यांतल्या एकाची आई तिथं बसली होती. उकळून गार केलेलं पाणी, मीठ, साखर, भाताची पेज, स्तनपान बंद करू नये. मी ते कागदावर उतरवून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहिलं. मुली घरी घेऊन गेल्या.

अर्धा तास संपल्यावर कोणी उठेना. मालगुजारिणीनं काचेवर बोटं ठेवली, तीन बोटं आणि एक नख, आणि चकती फिरवली. दिवस ढगाळ होता, खरखरीशिवाय काही आलं नाही. "आज नाई लागत," ती म्हणाली, आणि बटण बंद केलं. पेटी तिनं घरी नेली नाही. कोतवालाला म्हणाली, "चावडीच्या खोलीत ठेव, कुलूप लाव, अन् चाबी मास्तरीनबाईले दे." मग पदर डोक्यावर घेतला आणि एकटी चालत घरी गेली. आमच्यापैकी कोणीतरी सोबत जायला हवं होतं. ते त्या वेळी सुचलं नाही, याचं मला वाईट वाटतं.

पंधरा दिवसांनी भंडाऱ्याहून शाळाखात्याचे साहेब आले. शाळेतच बसले, माझ्या खुर्चीवर, आणि मी उभी. तक्रारीचा कागद चांगला लांब होता. शाळा सोडून जाणे, शासकीय वस्तू विनापरवानगी हलवणे, गावात बेदिली माजवणे, प्रतिष्ठित गृहस्थाच्या घरातील स्त्रीस फूस लावणे. साहेबांनी मला सगळं विचारलं, मी सगळं सांगितलं. त्यांनी तो पहिला कागदही मागवून घेतला, सार्वजनिक जागी ठेवावा असं लिहिलेला, आणि दोनदा वाचला.

"रेडिओ चावडीवर राहील," ते म्हणाले. "तसा हुकूम मी देतो. छप्परही दुरुस्त करायला लावतो. तुमचं म्हणणं बरोबर आहे."

मला वाटलं, झालं.

"पण तुम्ही नोकरीत आहात. सरपंचांचा मान राहिला पाहिजे. चार ओळी लिहून द्या. घडल्या प्रकाराबद्दल दिलगीर आहे, पुन्हा असं होणार नाही. प्रकरण इथंच मिटेल."

"माझं म्हणणं बरोबर आहे ना, साहेब?"

"आहे."

"मग मी कशाबद्दल दिलगीर आहे?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "हे बघा, मलाही मुली आहेत. मी तुमच्या भल्याचं सांगतो. नाही लिहिलं तर बदली होईल, आणि ती काही तिरोड्याला होणार नाही."

"आणि पुन्हा असं होणार नाही, असंही लिहायचं?"

"हो."

"ते तर खोटंच होईल," मी म्हटलं.

त्यांनी कोरा कागद आणि टाक माझ्यापुढं सरकवला आणि बाहेर जाऊन मुलींच्या पाटीवरची अक्षरं बघत उभे राहिले. मला वेळ देत होते. मी लिहिलं. रेडिओ जिथं असायला हवा होता तिथं आम्ही नेऊन ठेवला, त्यात मी सामील होते, आणि सुट्टीच्या वेळेत होते. खाली सही केली. त्यांनी वाचलं, घडी घातली, खिशात ठेवलं, आणि चहा न घेता गेले.

वडिलांचं पत्र आलं. त्यांना कोणीतरी कळवलं होतं. शिंप्याची मुलगी आहेस, मालगुजारांशी वैर तुला परवडणार नाही, अजून वेळ गेली नाही, जाऊन पाया पड. मी उत्तर पाठवलं की तब्येतीला जपा, मी ठीक आहे. पाया पडण्याबद्दल काहीच लिहिलं नाही. वडिलांवर माझा फार जीव होता. पण त्यांनी आयुष्यभर लोकांची मापं घेताना मान खाली घालायची सवय लावून घेतली होती, आणि ती सवय वारशानं घ्यायला मी तयार नव्हते.

दसऱ्यानंतर बदलीचा कागद आला. सालेकशाच्या जंगलपट्टीतलं गाव, शाळेला भिंती तीनच, चौथ्या बाजूला बांबूच्या तट्ट्या. मावशीनं मला स्टेशनापर्यंत पोचवायला बंडी जुंपली.  वाटेत म्हणाली, "तू गेली म्हनून आमी बसनं बंद करनार नाई." आणि नाहीच केलं. पुढं दोन वर्षं, बॅटऱ्या येत होत्या तोवर, दुपारचा अर्धा तास चावडीवर बायकांचाच राहिला. हे मला तिच्या पोस्टकार्डांवरून कळायचं, ती कार्डं माझ्याच जुन्या विद्यार्थिनी तिला लिहून द्यायच्या.

मालगुजारिणीचं काय झालं, हे सगळे विचारतात. मलाही तेच कळत नव्हतं; मी होते तोवर ती चावडीवर यायची, पण घरचं विचारलं की चकती फिरवायला लागायची. तिच्याबद्दल कार्डात मावशी कधी लिहायची नाही, बहुधा लिहिणाऱ्या मुलींसमोर ते बोलायचं नसेल. तिला मी पुन्हा भेटले ते आमचा भाग मुंबई राज्यात गेल्यावर दोन-तीन वर्षांनी, गोंदियाच्या स्टेशनात. मी सालेकशाकडे जाणाऱ्या गाडीची वाट बघत होते. बाकड्यावर एक उंच बाई बसली होती, मांडीवर कापडी पिशवी, डोक्यावर पदर, पण तोंड उघडं. तिनंच मला ओळखलं.

"मास्तरीनबाई, वाळल्या तुमी."

मी शेजारी बसले. विचारावं की नाही, कळत नव्हतं. मग विचारलंच. "त्या दिवशी घरी गेल्यावर काय झालं?"

"दोन महिने मालक माह्यासंग बोलले नाई."

"तुम्हाला फार झालं असेल."

"कायले? घर शांत झालं. मी दुपारी चावडीवर येतच होतो, तुमी पाहिलं. बोलत असते तर मना केलं असतं. बोलतच नव्हते तर मना कसे करतीन?"

 ती अगदी सरळ चेहऱ्यानं सांगत होती.

मग तिनं सांगितलं, नव्या कायद्यानं पंचायतीत बायकांसाठी जागा ठेवल्या. मालगुजारांना दुसऱ्या घरची बाई तिथं बसलेली नको होती, म्हणून त्यांनी हिचंच नाव दिलं. घरची आहे, सांगू तिथं अंगठा लावेल, असा हिशोब.

"आणि लावला?"

"अंगठा नाई लावत मी. सही करतो. तुमच्या शाळेतल्या पोट्टीनं शिकवली." तिनं पिशवीची नाडी घट्ट केली. "पयल्याच बैठकीत ते म्हनाले, विहीर आपल्या बांधीच्या जवळ खंदू. मी म्हनलं, गावाबाहेरच्या वस्तीत खंदा, तठी बायका अर्धा कोस जाऊन पानी आनते. बाकीचे गप्प. मी हात वर केला. मग दुसरी बाई होती तिनं केला. मग एक-एक करून वर झाले."

"आणि मालक?"

"आता बोलते," ती म्हणाली. "लय बोलते."

तिची गाडी आधी आली. भंडाऱ्याला पंचायतीच्या कामासाठी निघाली होती, एकटी. डब्यात गर्दी होती. दारातल्या एका माणसानं तिला सांगितलं, बायकांचा डबा पुढं आहे, तिकडं जा. तिनं पुढं पाहिलं, तो डबा बराच दूर होता आणि गार्डानं हिरवा बावटा दाखवला होता.

"सरक," ती त्याला म्हणाली, आणि वर चढली.